फुलांची दरी हरवली कधी होती?



या मालिकेत आपण आतापर्यंत खिंडी पाहिल्या, किल्ले पाहिले, लढाया तर भरपूर पाहिल्या. आज लढाई नाही. आज फुलं. सैन्यातल्या माणसाचं आणि फुलांचं काय नातं, असं कुणी म्हणेल. पण गेले काही महिने इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणांहून मराठी मंडळींचा एकच प्रश्न येतोय: ‘उत्तराखंडातली फुलांची दरी पाहायची आहे. तिकिटं कधीची काढू?’

उत्तर एका ओळीचं आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. झालं. पण तेवढ्यावर थांबलो तर तुम्ही पुढचा प्रश्न विचाराल: ‘साहेब, तेव्हा तर पाऊस असतो, दरडी कोसळतात. मे-जूनमध्ये मुलांच्या सुट्टीत गेलं तर नाही का चालणार?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र मोठं आहे, आणि ते मला स्वतः चूक करून मिळालं. म्हणून आजचा भाग या दरीच्या इतिहासाचा आहे. सहलीचं वेळापत्रकही देणार आहे, पण ते इतिहासातूनच निघेल.

आधी माझी चूक.

१९८८ साली मी कॅप्टन होतो आणि जोशीमठला होतो. फुलांची दरी तिथून अगदी जवळ. जोशीमठहून बद्रीनाथच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर गेलं की गोविंदघाट लागतं आणि तिथून पायवाट सुरू होते. माझी पत्नी तेव्हा पुण्यात शाळेत शिकवत होती. शाळा जूनच्या मध्याला सुरू होणार, म्हणून ती आमच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. मी बेत आखला. उद्यान १ जूनला उघडतं, आपण दुसऱ्या आठवड्यात जाऊ. गर्दी नाही, पाऊस नाही. कागदावर बेत उत्तम होता.

तेव्हा गोविंदघाटापासूनच चालावं लागे. घांघरिया हा शेवटचा मुक्काम तिथून तेरा-चौदा किलोमीटर. मुलीसाठी आम्ही कंडीवाला केला. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली. पट्टा कपाळाला लावून हे लोक त्यात माणूससुद्धा वाहून नेतात. आमचा कंडीवाला वाटेतल्याच भ्यूंडार गावचा होता. वय चाळिशीच्या आसपास, बोलणं कमी.

दुसऱ्या दिवशी दरीत पोचलो आणि पाहतो तर काय, निम्मी दरी बर्फाखाली. नाल्यांवर बर्फाचे पूल. बर्फ वितळला होता तिथे जमीन तपकिरी, गेल्या वर्षीचं गवत चिखलात झोपलेलं. बर्फाच्या कडेनं काही प्रिम्युला उमलले होते, इकडेतिकडे थोडी पिवळी फुलं. पण ज्या दृश्यासाठी पत्नी पुण्याहून तीन दिवस प्रवास करून आली होती, ते दृश्य अजून जमिनीखाली होतं.

पेच सावरायला मी इतिहास सांगायला घेतला. ही सैन्याधिकाऱ्यांची जुनी सवय आहे. म्हटलं, ही दरी १९३१ साली फ्रँक स्माइथ नावाच्या इंग्रज गिर्यारोहकानं शोधली. वाट चुकून तो इथे आला आणि जगाला ही दरी सापडली.

कंडीवाला मुलीला खाली उतरवत होता. त्याला माझं मराठी कळलं नसेल, पण स्माइथचं नाव त्यानं ऐकलेलं होतं. तो सहज म्हणाला, “साब, घाटी खोई कब थी?”

दरी हरवली कधी होती, असं तो विचारत होता. मी हसलो. तोही हसला. मग म्हणाला, त्याच्या घरच्या शेळ्यामेंढ्या पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत याच उतारांवर चरत असत. लहानपणचे सगळे उन्हाळे त्याचे इथेच गेले होते. “छह-सात हफ्ते बाद आना, साब. सावन में.”

तो प्रश्न मी तेव्हा विनोद म्हणून घेतला. निवृत्तीनंतर या भागाचा इतिहास नीट वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या विषयाची किल्ली त्या चार शब्दांत होती.

आता स्माइथची हकीकत पाहू, कारण ती महत्त्वाचीच आहे. १९३१ साली त्याच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश तुकडी कामेट शिखरावर गेली. कामेट ७,७५६ मीटर. तोपर्यंत माणसानं इतकं उंच शिखर सर केलेलं नव्हतं. २१ जूनला स्माइथ, एरिक शिप्टन, होल्ड्सवर्थ आणि लेवा शेर्पा माथ्यावर पोचले. दोन दिवसांनी दुसरी तुकडी गेली. तिच्यात रेमंड ग्रीन, कॅप्टन बर्नी आणि आपला गढवाली केसर सिंग होता. केसर सिंगचं नाव लक्षात ठेवा. भारतीय गिर्यारोहणाच्या इतिहासात ते यायला हवं तितकं येत नाही.

मोहीम संपल्यावर ही मंडळी धौलीगंगेच्या खोऱ्यातून पश्चिमेला अलकनंदेच्या खोऱ्याकडे निघाली. मध्ये पाच हजार मीटरहून उंच भ्यूंडार खिंड आहे. जुलै महिना, मान्सून सुरू झालेला, वर गारठा आणि बोचरा वारा. खिंड ओलांडून ते पावसात खाली उतरले आणि बर्फाच्या रेषेखाली येताच फुलांत येऊन पडले. म्हणजे वाट चुकले वगैरे जे आपण ऐकतो, मीही सांगितलं, ते तितकंसं खरं नाही. खिंड नकाशावर होती आणि ते ठरवून ती ओलांडत होते. ठरवलेली नव्हती ती फक्त फुलांची भेट. तुकडीतल्या होल्ड्सवर्थला वनस्पतींची चांगली जाण होती. पुढे हाच होल्ड्सवर्थ डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये शिक्षक झाला.

इथे सहलीच्या दृष्टीनं एक गोष्ट टिपून ठेवा. स्माइथला दरी ‘सापडली’ ती पावसाळ्यात आला म्हणून. तोच जर जूनच्या सुरुवातीला त्या खिंडीतून उतरला असता, तर माझ्यासारखाच बर्फ आणि चिखल पाहून पुढे गेला असता आणि दरीला हे नाव कदाचित मिळालंच नसतं.

स्माइथ ही गोष्ट नेमकी समजला होता. म्हणून १९३७ साली तो परत आला तो पाहुण्यासारखा दोन दिवसांसाठी नव्हे. रानीखेतहून चालत आला आणि सगळा हंगाम या भागात काढला. फुलं गोळा केली, बिया घेतल्या, मध्ये मध्ये शिखरं चढला. १९३८ साली त्याचं ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक आलं आणि नाव जगभर झालं.

हंगामभर राहिलं की काय कळतं? की फुलांची दरी ही एक जागा नाही, ती एक मिरवणूक आहे. जूनमध्ये बर्फ मागे सरकतो तसे प्रिम्युला, अ‍ॅनिमोन पुढे येतात. जुलैत जिरेनियम, पोटेंटिला, नागफणीसारखी दिसणारी कोब्रा लिली आणि कड्यांच्या आसऱ्यानं खसखशीच्या कुळातली ती प्रसिद्ध निळी ब्ल्यू पॉपी. ऑगस्टमध्ये उतारच्या उतार गुलाबी होतात. सप्टेंबरला रंग उतरतो, बिया धरतात, गवत पिवळं-तांबूस होतं. महिन्याभरानं गेलेल्या दोन माणसांनी दोन वेगळ्या दऱ्या पाहिलेल्या असतात.

आणि ऑगस्टचा तो गुलाबी रंग मुख्यतः कशाचा असतो, ठाऊक आहे? तेरड्याचा! आपला रानतेरडा, त्याचाच हिमालयातला उंच भाऊबंद. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. पण सहल आखणाऱ्यानं ती शब्दशः घ्यावी. या उंचीवर झाडाला वर्षातले तीन-चार महिनेच मिळतात. तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि बर्फाखाली जायचं. तुमच्या शाळेच्या सुट्टीसाठी ते थांबत नाही.

१९३९ साली जोन मार्गारेट लेग ही ब्रिटिश वनस्पतिअभ्यासक इथे आली. वय पन्नाशी ओलांडलेलं. दरीत मुक्काम ठोकून ती नमुने गोळा करत होती. ४ जुलैला खडकाळ उतारावर तिचा पाय घसरला आणि ती गेली. तिला दरीतच पुरलं. नंतर तिच्या बहिणीनं तिथे स्मृतिशिला बसवली. आजही आपण ती पाहतो. लोक तिथे डबे उघडतात, फोटो काढतात. मला मात्र तिथे उभं राहिलं की तारीख आठवते. जुलै. ज्या पावसानं फुलं येतात, त्याच पावसानं खडक निसरडे होतात. ही दोन्ही कलमं एकाच करारातली आहेत. एक घेऊन दुसरं नाकारता येत नाही.

आता त्याच दशकातली दुसरी कथा. हिच्यात फुलं नाहीत, पण हिच्याशिवाय आजची तुमची सहल झालीच नसती.

गुरू गोविंदसिंगांच्या ‘बिचित्तर नाटक’ या रचनेत हेमकुंड पर्वताचा उल्लेख आहे. पूर्वजन्मी आपण तिथे तप केलं, असं ते सांगतात. ही जागा कोणती, याचा शोध विसाव्या शतकात सुरू झाला. सैन्यातून निवृत्त झालेले ग्रंथी संत सोहन सिंग १९३४ साली या खोऱ्यात आले आणि फुलांच्या दरीच्या शेजारच्याच खोऱ्यात, चार हजार मीटरहून उंचीवरच्या सरोवराशी पोचले. हेच हेमकुंड, अशी त्यांची खात्री झाली. अमृतसरच्या भाई वीर सिंगांनी मदत उभी केली, हवालदार मोदन सिंग सोबतीला आले आणि १९३६ च्या सुमारास तिथे छोटा गुरुद्वारा उभा राहिला. १९६० च्या दशकात मोठ्या इमारतीचं काम निघालं. त्यामागे होते सैन्याचे इंजिनिअर-इन-चीफ मेजर जनरल हरकीरत सिंग आणि वास्तुविशारद सियाली. बर्फाचा भार पेलणारं ते ताऱ्याच्या आकाराचं छत मी सॅपर म्हणून पाहतो तेव्हा मनातल्या मनात सॅल्यूट ठोकतो. सामान पाठीवर वाहून नेत त्या उंचीवर बांधकाम करणं म्हणजे काय, हे आमच्या लोकांना विचारा.

पण इथेही तोच प्रश्न येतो. सरोवर हरवलेलं होतं का? मुळीच नाही. भ्यूंडारचे लोक त्याला लोकपाल म्हणत आणि काठावरच्या लक्ष्मणाच्या देवळात पूजेला जात. संत सोहन सिंगांनी ते ओळखलं, तेही स्थानिक लोकांच्या सांगण्यावरून, त्यांच्यासोबत चालत जाऊन. याचा त्यांनी कमीपणा मानला नाही.

आज तुम्ही घांघरियापर्यंत जी बांधीव वाट चालता, वाटेत चहा पिता, रात्री पाठ टेकता, ती सगळी व्यवस्था मुळात हेमकुंडच्या यात्रेकरूंमुळे झाली. फुलं पाहणारे आपण, भाविकांच्या वाटेवरून जातो.

१९६२ नंतर या भागाचं सगळंच बदललं. चमोली जिल्हा १९६० साली झाला, त्याच वर्षी बॉर्डर रोड्स संघटना स्थापन झाली. चीनशी युद्ध झाल्यावर सीमेकडचे रस्ते वेगानं झाले. तिबेटचा व्यापार बंद पडला. जोशीमठ छावणीचं गाव झालं. रानीखेतहून दिवसच्या दिवस चालणाऱ्या स्माइथच्या जागी ऋषीकेशहून मोटारीनं येणारा प्रवासी आला.

माणसं वाढली तशी चिंता वाढली. १९८२ साली दरी राष्ट्रीय उद्यान झाली. क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर, फुलझाडांच्या पाचशेहून जास्त जाती. २००५ साली नंदादेवीच्या जोडीनं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचं नाव आलं. उद्यान झाल्यावर चराई बंद झाली आणि दरीत मुक्काम करणंही बंद झालं. कंडीवाल्यानं मला सांगितलेल्या ‘पाच-सहा वर्षांपूर्वी’चा अर्थ हा होता. त्याच्या शेळ्या ज्या कायद्यानं बाहेर गेल्या, त्याच कायद्यामुळे मी तिकीट काढून आत गेलो होतो.

बंदी चूक होती का? मी दोन्ही बाजू सांगतो. दरीत पॉलिगोनम नावाची एक वनस्पती आहे, स्थानिक लोक तिला अमेला म्हणतात. ती बाहेरून आलेली नाही, हिमालयातलीच आहे. पण ती माणसाच्या उंचीला जाते, दाट वाढते आणि खाली दुसरं काही येऊ देत नाही. चराई थांबल्यावर ती फार पसरली, शेळ्यामेंढ्या तिला दाबून ठेवत असत, असं गावकरी म्हणतात आणि काही अभ्यासकही म्हणतात. दुसरे अभ्यासक सांगतात की पूर्वी जिथे कळप बसत त्या खतावलेल्या जागांवर आणि दरडींनी उघड्या पडलेल्या उतारांवरच ती मुळात माजली. चराई परत आणली तर नाजूक फुलांचंच नुकसान होईल. आज वनखातं माणसं लावून ती उपटून काढतं. वाद मिटलेला नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य आहे. ही दरी कधीच ‘माणसाचा पाय न लागलेली’ नव्हती. जे सौंदर्य स्माइथनं पाहिलं, ते शेळ्या चरत होत्या त्या काळातलं होतं.

गावकऱ्यांचेही नियम होतेच. गढवालात उंचावरच्या कुरणांना बुग्याल म्हणतात. तिथे ऐडी-आंछरी म्हणजे पऱ्या राहतात, आरडाओरडा करणाऱ्याला त्या ओढून नेतात, अशी श्रद्धा आहे. आणि नंदाष्टमी होईपर्यंत वरची फुलं तोडायची नाहीत, अशी रीत. नंदाष्टमी भाद्रपद शुद्ध अष्टमीला येते. तोपर्यंत बहुतेक झाडांनी बी धरलेलं असतं. त्यानंतर ब्रह्मकमळं आणून नंदादेवीला वाहायची. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाविना केलेला हा बंदोबस्त आहे.

आता तिथी पुन्हा ऐका. भाद्रपद शुद्ध अष्टमी. आपल्या घरी तेव्हा काय असतं? गौरी! आपल्या गौरीही माहेरी येतात आणि अनेक घरांत त्या तेरड्याच्याच रोपांच्या आणतात. नंदा म्हणजे पार्वती, गढवालची माहेरवाशीण. ज्या दिवसांत कोकणात आणि देशावर तेरड्याची गौर घरात येते, त्याच दिवसांत गढवालात वरच्या उतारांवरची ब्रह्मकमळं देवीच्या पायाशी येतात. मला हे कळलं तेव्हा मी साठीला आलो होतो. लहानपणी आईबरोबर तेरडा उपटायला जाणाऱ्या मुलाला हिमालयातलं फुलांचं पंचांग कळायला काहीच अडचण नव्हती. मी कॅलेंडर पाहिलं, पंचांग पाहिलं नाही.

आता बेत. सैन्यात आम्ही कुठल्याही कामाआधी अप्रिसिएशन करतो: उद्देश काय, आड काय येतं, मार्ग कोणते. तसंच करू.

उद्देश फुलं. मग काळ ठरलाच, १५ जुलै ते १५ ऑगस्ट. पांढऱ्या-पिवळ्या-निळ्या फुलांची विविधता हवी तर जुलैचा उत्तरार्ध. गुलाबी उतार हवे तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा. ब्रह्मकमळ पाहायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर, आणि ते दरीपेक्षा हेमकुंडाजवळ जास्त दिसतं.

आड येतं ते रस्त्याचं. ऋषीकेश ते गोविंदघाट सुमारे २७० किलोमीटर. सिरोबगड, पागल नाला ही नावं आमच्या काळीही बदनाम होती, आजही आहेत. दरड आली की रस्ता दोन तासही बंद राहतो आणि दोन दिवसही. म्हणून पहाटे निघा आणि अंधार पडल्यावर डोंगरात गाडी चालवू नका. आणि दोन दिवस राखीव ठेवा. राखीव तुकडीशिवाय लढाई आखणारा अधिकारी आणि राखीव दिवसाशिवाय पावसाळी सहल आखणारा प्रवासी, दोघांचाही शेवट सारखाच. परतीचं विमान रस्ता संपण्याच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका.

मार्ग असा. पहिल्या दिवशी ऋषीकेश ते जोशीमठ. दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून पुलनापर्यंत आता जीप जाते, पुढे साधारण दहा किलोमीटर चढ चालून घांघरिया. तिसऱ्या दिवशी दरी. चौथ्या दिवशी हेमकुंड, सहा किलोमीटरचा खडा चढ. पाचव्या दिवशी पुन्हा दरी, कारण पहिल्या दिवशी धुकं असेल तर तुम्ही फक्त धुकं पाहिलेलं असतं. सहाव्या दिवशी खाली. घांघरिया तीन हजार मीटरवर आहे, तेव्हा छातीचा, रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं. दरीत आणि हेमकुंडला रात्री राहता येत नाही. दरीत दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळच्या आत बाहेर यावं लागतं, म्हणून सकाळी दार उघडताच आत असा. घोडी-खेचरं दरीत जात नाहीत, कंडी जाते. नोंदणीचे नियम दरवर्षी बदलतात, निघण्याआधी चौकशी करा. छत्रीपेक्षा पोंचो बरा, नव्या बुटांपेक्षा मुरलेले बूट बरे. वाट सोडून फुलांत शिरू नका. जोन लेगची तारीख आठवा.

एवढं सगळं मी २०१८ च्या ऑगस्टमध्ये पाळलं. तीस वर्षांनी तीच माणसं होतो, पत्नी, मुलगी आणि मी. मुलगी आता चौतीस वर्षांची, आणि कंडी या वेळी पत्नीच्या गुडघ्यांसाठी होती. दरी तशीच होती जशी असायला हवी. पत्नी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, तीस वर्षं उशीर झाला म्हणता, दीड महिनाच झाला होता.”

पण वाटेवर एक गोष्ट घडली होती, ती सांगून थांबतो.

जून २०१३ च्या महापुराबद्दल तुम्ही ऐकलंय. केदारनाथचं सगळ्यांना आठवतं. त्याच १६-१७ जूनला या खोऱ्यातही लक्ष्मणगंगा फुगली. गोविंदघाटाची वाताहत झाली, घांघरियात अडकलेल्या यात्रेकरूंना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं, आणि वाटेवरचं भ्यूंडार गाव नदीनं नेलं. मी तेव्हा निवृत्त होतो, टीव्हीवर पाहत होतो आणि मला तो कंडीवाला आठवला. जिवंत असेल तर पासष्टीचा असेल.

२०१८ मध्ये पुलनाला थांबून मी चौकशी केली. भ्यूंडारचे लोक हिवाळ्यात पुलनालाच राहायचे. चहाच्या टपरीवर तीन-चार वयस्क मंडळी होती. म्हटलं, १९८८ मध्ये भ्यूंडारच्या एकानं माझ्या मुलीला कंडीतून नेलं होतं, त्याला शोधतोय.

“नाम क्या था, साब?”

मला सांगता येईना. नाव मी विचारलंच नव्हतं. दोन दिवस माझं मूल त्याच्या पाठीवर होतं, बर्फाच्या पुलांवरून त्यानं तिला सांभाळून नेलं होतं, आणि माझ्या त्या वर्षीच्या डायरीत एवढंच आहे: ‘कंडी १, दिवस २.’ पुढे दिलेली रक्कम. त्यांच्यातला एक हसून म्हणाला, “उस ज़माने में तो सारा गाँव कंडी उठाता था, साब.”

मी इतिहासाची भाषणं देणारा माणूस. इंग्रजांनी आपल्या लोकांची नावं लिहिली नाहीत, अशी तक्रार मीच करत आलो. आणि स्माइथच्या पुस्तकात त्याच्याबरोबरच्या वांगदी नुरबूचं नाव आहे. माझ्या डायरीत नाही. तो माणूस पुरात वाचला की त्याआधीच गेला, की त्या टपरीवरच बसलेला होता, हे मला आता कधीच कळणार नाही.

दरी हरवलेली नव्हती. हरवला तो माणूस, आणि हरवला माझ्या हातून.

त्या सकाळी पत्नीला नेणारा कंडीवाला नेपाळचा होता. चढ सुरू करण्यापूर्वी मुलीनं त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं. ते माझ्या डायरीत आहे. इथे सांगत नाही, कारण त्याची परवानगी घेतलेली नाही. पण तुमच्या यादीत पोंचो आणि राखीव दिवस लिहून झाले की त्याखाली एक ओळ आणखी लिहा: सोबत येणाऱ्याचं नाव.

पुढच्या भागात याच जोशीमठहून निघून माणा खिंडीचा आणि बंद पडलेल्या तिबेट व्यापाराचा इतिहास पाहू. तोपर्यंत रजा घेतो. जय हिंद.